मिरगाला लावू नका: गोव्यात ओका माड रुजवण्याची रीत

गोव्यात झाड लावायचं म्हटलं की सगळे मिरगाची वाट बघतात. दोन सरी पडल्या, माती भिजली, की रोप खड्ड्यात. आंबा, काजू, माड, पोफळ, सगळ्यांना ते मानवतं. ओका माडाला मानवत नाही. हे कोरड्या मुलखातलं झाड. उन्हाने ते मरत नाही, आपल्या जुलैतल्या साचलेल्या पाण्याने मरतं. म्हणून याचं वेळापत्रक उलटं ठेवायचं: जागा भर पावसात निवडायची आणि बी पाऊस सरल्यावर पेरायचं. खाली जे सगळं सांगितलंय ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी थोडी ओळख. ओका माड म्हणा, रावणताड म्हणा. दीवला याला होका म्हणतात. शास्त्रीय नाव हायफिनी डायकोटोमा. सौराष्ट्राचा किनारा, दीव आणि त्याच्या आसपासचा पट्टा हे याचं घर. दीवच्या नागवा किनाऱ्यावर याच्या रांगा आहेत. पोर्तुगिजांनी हे झाड आफ्रिकेतून आणलं असं तिथे सर्रास सांगितलं जातं, पण वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला भारतातली स्वतंत्र जात मानतात. आजचं शास्त्रीय नाव १९७० साली कायम केलं ते कायतान शाविएर फुर्तादो यांनी. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात ताडवर्गीय झाडांवर आयुष्य घालवलेला हा माणूस मूळचा गोव्याचा, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आफ्रिकेतला डूम ताड याचा जवळचा नातलग. थोडा लांबचा एक नातलग म्हणजे न्यूबियाच्या, म्हणजे इजिप्त-सुदानमधल्या वाळवंटातला आर्गुन, शास्त्रीय नाव मेडेमिया आर्गुन. त्याची फळं युरोपातल्या अभ्यासकांनी आधी इजिप्तच्या थडग्यांत पाहिली, जिवंत झाड त्यांना नंतर सापडलं. इजिप्तमध्ये तर ते नामशेष झालं असंच धरून चालले होते, आणि १९६३ साली डुंगुलच्या मरूद्यानात ते उभं मिळालं. आर्गुनचं बी आपल्या हाती लागणं कठीण. ओका माडाचं मिळू शकतं, आणि दोघांची रुजण्याची तऱ्हा एकच आहे.

आधी झाड नीट ओळखा

नर्सरीत ‘फॅन पाम’ म्हणून मागितलंत तर चार वेगळ्या जाती पुढे येतील. चंदेरी-निळ्या पानांची मोठी देखणी असेल ती मादागास्करची बिस्मार्किया. पानांच्या टोकांना दोरे लोंबत असतील तर वॉशिंग्टोनिया. पान गोल, चकचकीत, घडीव पंख्यासारखं असेल तर लिकुआला. तिला सावली लागते आणि आपला पाऊसही मानवतो. आपला साधा ताड तर तुम्ही ओळखताच.

ओका माडाची खूण देठावर असते. देठाच्या दोन्ही कडांना काळे, वाकडे, वरच्या दिशेने वळलेले काटे असतात. बोट देठावरून बुडाकडे ओढलंत तर अडकेल. दुसरी खूण मोठ्या झाडावर दिसते: खोड दुभंगतं. ताडवर्गीय झाडाला फांद्या फुटल्या तर बहुधा त्याचा शेंडा दुखावलेला असतो, पण इथे शेंडाच आपणहून दोन सारख्या शेंड्यांत वाटला जातो, मग त्यातला प्रत्येक पुन्हा. रोप लहान असताना ही खूण उपयोगाची नाही. त्या वयात सगळ्याच जातींची पानं गवताच्या जाड पातीसारखी दिसतात, आणि तेव्हाच विकणारा आणि घेणारा दोघेही फसतात. त्यामुळे रोप विकत घेण्यापेक्षा बी आणा.

फळ मुठीत मावेल एवढं, पिकल्यावर तपकिरी, एका अंगाला खांदा असल्यासारखं वाकडंतिकडं. आत सहसा एकच बी. ताडाच्या फळात तीन गोळे असतात, याच्यात नाही.

बी

१९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच संघप्रदेश होता. पणजीतल्या कित्येक सरकारी घरांत दीवला काढलेल्या वर्षांच्या आठवणी आहेत, आणि काहींचे तिथे अजून घरोब्याचे संबंध आहेत. असा कोणी ओळखीचा असेल तर त्याला खाली पडलेली पिकली फळं आणायला सांगा. झाडावरची तोडून नकोत, रस्त्याकडेची रोपं उपटून तर मुळीच नकोत. उपटलेलं रोप जगत नाही. का ते पुढे येईलच. खाजगी आवारातलं झाड असेल तर मालकाला विचारायचं, सरकारी किंवा वनखात्याच्या जागेतलं असेल तर तिथल्या कचेरीत. फळाचा बाहेरचा गर धागेदार आणि गोडसर असतो, पोरं तो चघळतात. चघळून टाकलेलं बीही पेरायला चालतं.

सात-आठ फळं पुरेत, पण त्याहून कमी नकोत. ती सगळी रुजत नाहीत, शिवाय नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फळ वर्षभरापेक्षा जुनं नसावं.

एक सूचना, कारण ही चूक बागकामात मुरलेली माणसंही करतात. बी पाण्यात टाकून तरंगतं का बघायचं आणि तरंगलं तर फेकून द्यायचं, ही परीक्षा इथे लावू नका. या बियांचा गर आतून पोकळ असतो, त्यामुळे चांगलं बीही तरंगू शकतं.

जागा: जुलैत छत्री घेऊन फिरा

दीवला वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पणजीत तीन हजारांच्या आसपास. एवढ्या फरकात झाड जगवायचं तर पाणी पडून जाऊ द्यायचं, थांबू द्यायचं नाही.

जुलैत एक चांगला दिवसभराचा पाऊस झाला की आपल्या भाटात किंवा परसात फिरा. जिथे पाय रुततो, चिखल पच् करतो, बेडकांनी अंडी घातलीत, ती जागा बाद. जी जागा पटेल तिथे दीड फूट खोल खड्डा खणा आणि सकाळी बघा. रात्रभर पाऊस पडूनही खड्ड्यात पाणी नसेल तर जागा उत्तम. चार बोटं असेल तर उंचवटा करून भागेल. अर्धा खड्डा भरलेला असेल तर तिथे अळू लावा. हीच परीक्षा जानेवारीत केलीत तर गोव्यातली प्रत्येक जागा पास होते.

किनाऱ्याजवळची रेवट जमीन, बार्देशातली असो की काणकोणातली, सगळ्यात सोपी. वर निचरा, खाली गोडं पाणी, खारा वारा, हे सगळं या झाडाला घरच्यासारखं आहे. खाजनाची, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल जमीन नको. भातमळीच्या काठाचीही नको.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. वेर्ण्याचा असो की दोनापावलचा, सड्यावर पाणी वाहून जातं हे खरं, पण खाली जांभ्याचं अखंड कवच असलं तर मूळ उतरणार कुठे? तिथे पहार घेऊन कवचातली भेग शोधायची, नाहीतर तीनेक फूट चिरा फोडून घ्यायचा. मजूर लावावा लागेल. खर्च होतो, पण तो टाळून चालत नाही.

ऊन दिवसभराचं हवं. माडाखाली लावू नका: सावली आहेच, वर नारळ आणि झावळ पडून कोवळा शेंडा मोडतो. घराच्या भिंतीपासून सहा मीटर तरी लांब, आणि वर विजेची तार नको. झाड दहा-पंधरा मीटर जातं आणि फांद्या फुटून रुंदही होतं. पायवाटेच्या अगदी कडेलाही नको. त्या काट्यांनी पोरांच्या कोपरांचं काय होतं ते सांगायला नको.

खड्डा नव्हे, उंचवटा

चवथ आटोपली, पाऊस मागे सरायला लागला, की हे काम काढा.

खालची जमीन कुदळीने दोन फूट सैल करा, पण माती उचलून खड्डा करू नका. घट्ट तांबड्या मातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली की पावसात तिची विहीर होते. त्याऐवजी वर चढवा. फुटक्या चिऱ्यांचं दोन मीटर रुंद कडं करा आणि आत दीड-दोन फूट उंच भर घाला: एक वाटा तांबडी माती, एक वाटा जाड रेती, एक वाटा चिऱ्याची खडी. रेती मिळवणं हल्ली सोपं राहिलेलं नाही. नसेल तर चिरेखाणीवरचा जाड चुरा चाळून घ्या, बारीक धूळ काढून टाका. समुद्रावरची वाळू मात्र उचलू नका, कायद्याने ती मना आहे. शेणखत या भरीत घालायचं नाही. कुजणारं काहीही तळाशी नको.

आता शिंपल्या. दीव बेट चुनखडकाचं आहे, आपली जांभ्याची माती आंबट. तिसऱ्यांच्या, खुब्यांच्या शिंपल्या गोव्यात कोणाच्याही स्वयंपाकघरामागे मिळतात. त्या धुऊन, वाळवून, हातोड्याने जाडसर कुटून दोन-तीन घमेली भरीत मिसळा. त्या हळूहळू विरघळतात, मातीचा आंबटपणा बेताने कमी करतात आणि निचराही राखतात. घाई करून कळीचा चुना टाकू नका, कोवळं मूळ भाजेल. माती तपासून घ्यायची असेल तर विभागीय कृषी कार्यालयात विचारा, किंवा जुन्या गोव्याला एला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात. आकडा हाती असला की शिंपल्या किती घालायच्या याचा अंदाज बांधायला सोपं जातं.

पेरणी आणि जमिनीखाली काय चालतं

फळं बादलीत तीन-चार दिवस भिजत घाला आणि पाणी रोज बदला, नाहीतर ते आंबतं. मग कोयत्याने बाहेरचे धागे खरवडून काढा. आतलं कठीण कवच फोडायचं नाही, घासायचंही नाही.

यानंतरचा भाग लक्ष देऊन वाचा, कारण बहुतेक बिया इथेच वाया जातात.

नारळ रुजतो तेव्हा कोंब नारळातूनच वर येतो, हे आपण जन्मापासून बघतो. ओका माडाचं तसं नाही. बियाच्या एका टोकातून पांढरट, बोटाएवढा जाड दांडा बाहेर पडतो आणि सरळ खाली जातो. वीत, दोन वीत, कधी त्याहूनही खोल. या दांड्याच्या खालच्या टोकात खरं रोप असतं. तिथे मूळ धरतं, आणि मग तिथून पहिली पात दांड्याच्या फटीतून बाहेर पडून पुन्हा वर चढायला लागते. हा सगळा वेळ बी वर मातीत तसंच पडलेलं असतं, आणि त्यातलं अन्न त्या दांड्यातून खाली पोचत असतं. कोरड्या मुलखात हे शहाणपणाचं आहे: वरची माती तापून कोरडी पडली तरी रोपाची बैठक ओलाव्यापाशी असते. पण वरून बघणाऱ्याला महिनोन्‌महिने काहीच दिसत नाही. मग तो बोटाने उकरून बघतो, बी हलतं, दांडा तुटतो, आणि जे रुजलेलं होतं ते त्या दिवशी मरतं.

तेव्हा उकरायचं नाही. पहिली पात दिसायला दोन-तीन महिने लागतील, कधी वर्षही.

ज्यांना राहवत नाही त्यांच्यासाठी एक सोय आहे. नारळाच्या सोडणाचा भुसा दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्या. मुठीत दाबला तर थेंब पडू नये इतकाच ओला. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत तो आणि बिया घालून तोंड बांधा आणि उबदार ठिकाणी ठेवा. न्हाणीघराच्या चुलीजवळचा कोपरा असेल तर उत्तम, नसेल तर गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत. आठवड्यातून एकदा पिशवीच्या बाहेरूनच बघा. दांडा इंचभर दिसला की ते बी लगेच उंचवट्यावर न्यायचं. दांड्याचं टोक खाली करून, बी आडवं ठेवून, वर चार बोटं माती. दांडा लांब होईपर्यंत थांबलात तर पिशवीत तो वाकतो, आणि वाकलेला दांडा सरळ करायला गेलं की मोडतो.

थेट पेरायचं असेल तर बी आडवं, तेवढंच खोल. एका उंचवट्यावर दोन-तीन बिया, हातभर अंतरावर. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत कधीही. पाऊस येईपर्यंत मिळालेले सहा-आठ महिने दांड्याला खाली उतरायला हवे असतात.

वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उलटी घालून कडेने दगड ठेवा. साळिंदर, घूस आणि रानडुक्कर यांना बी सापडायला वेळ लागत नाही.

कुंडीत लावायचं म्हणणाऱ्यांना: नेहमीच्या कुंडीत नाही. सहा इंची पीव्हीसी पाईपाचा अडीच फुटांचा तुकडा घ्या, तो उभा चिरून दोन फाकी करा आणि तारेने पुन्हा आवळा. तळाला जाळी, आत वरचीच भर. लावताना तार सोडली की फाकी बाजूला होतात आणि मुळाला धक्का लागत नाही. हे झाड बदली सहन करत नाही. मूळ तुटलं की सगळं संपलं, आणि रस्त्याकडेचं उपटलेलं रोप जगत नाही ते याचमुळे.

पहिला पावसाळा

पाणी आठवड्यातून एकदा, पण बादलीभर, सावकाश मुरेल असं. रोज तांब्याभर घातलंत तर मुळं वरच राहतात. मे महिन्यात आंब्याच्या सरी सुरू झाल्या की हात आखडता घ्या.

जूनच्या आधी उंचवट्यावरचा पालापाचोळा साफ काढा. बाकी बागेत आच्छादन चांगलं, इथे ते रोपाच्या मानेशी ओल धरून ठेवतं. त्याच्या जागी खडीचा दोन बोटांचा थर द्या. वर प्लॅस्टिकचं छप्पर घालायचा मोह होतो. घालू नका: आत वाफ कोंडते आणि पान कुजतं. उघडं, वारं खेळतं ठेवलेलं रोप जास्त टिकतं.

शेंडा कुजणं हे खरं संकट. मधली कोवळी पात तपकिरी पडते, धरून ओढली तर हातात येते आणि बुडाला घाण वास असतो. पोफळीवर कोळेरोग येऊ नये म्हणून कुळागरात जी बोर्डोची फवारणी करतात तीच इथे उपयोगी. थोडक्यासाठी असं करा: दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. मग मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओता. लोखंडी सुरीचं पातं त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना कमी पडलाय. आणखी घाला, पुन्हा बघा. पातं स्वच्छ निघालं की मिश्रण तयार. त्याच दिवशी वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. एक फवारणी पावसाआधी, दुसरी ऑगस्टच्या उघडिपीत, शेंड्यात दोन-चार थेंब उतरतील अशी. नाका-तोंडाला फडकं आणि हातात मोजे.

त्यानंतरची वर्षं

पहिली काही वर्षं रोप रागावल्यासारखं बसून असतं. वर्षाला दोन-तीन पानं आली तरी समाधान माना. पंख्याचं पहिलं खरं पान दिसलं की पाणी पंधरा दिवसांवर न्या, आणि मूळ खोल गेलं की बंद करा. लॉनच्या फवाऱ्याचं पाणी शेंड्यावर पडत असेल तर फवारा वळवा.

खत बेताचं. पाऊस गेल्यावर दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, खोडापासून हातभर लांब. आपल्या पावसात जमिनीतलं पालाश धुपून जातं. जुनी पानं टोकाकडून पिवळी-नारिंगी पडायला लागली तर ते त्याचं लक्षण समजा. चुलीची राख मिळत असेल तर डिसेंबरात दोन मुठी पसरा. माडाला घालतात तसं मीठ घालायची गरज नाही.

हिरवं पान कापू नका, कितीही आडवं आलं तरी. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि तो आत शिरल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. वाळलेलं पान जानेवारी-फेब्रुवारीत, देठाचा वीतभर तुकडा ठेवून काढा, जाड हातमोजे घालून. गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात वाढतो, म्हणून ते दोन्ही या झाडापासून लांब हवेत. शेंड्यात चावलेला चोथा दिसला तर वाकड्या तारेने भुंगा ओढून काढा आणि त्या पोकळीत निंबोळी पेंड आणि रेती भरा.

नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला बरीच वर्षं जावी लागतात. फळं हवी असतील तर एकाच आवारात तीन-चार झाडं असावीत, पाच-सहा मीटर अंतरावर. एवढी जागा नसेल तर शेजाऱ्यांत वाटून लावा. पाईपात वाढवलेलं रोप कोणाला द्यायचं तर ऑक्टोबरात, पाईपासकट द्या. तार कुठून सोडायची ते दाखवा, आणि ठेवायच्या उंचवट्याची भर आधी तयार आहे ना ते विचारून घ्या.